क्लाऊनफिशचं नवं पिल्लू खात नसेल तर: आधी श्वास, मग घास

दोन-अडीच सेंटिमीटरचं क्लाऊनफिशचं पिल्लू नव्या टँकमध्ये आल्यावर पहिला दिवस उपाशी राहिलं, तर त्यात विशेष काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं निदान एखादा कण तोंडात घेऊन पाहायला हवा. तिसरा दिवसही कोरडाच गेला तर मात्र वाट बघत बसायचं नाही. पूर्ण वाढलेला धडधाकट मासा बरेच दिवस उपास काढतो. पिल्लाच्या अंगावर तेवढा साठाच नसतो. आधी पोट खपाटीला जातं, मग डोक्यामागचं मांस उतरतं. त्या अवस्थेतलं पिल्लू समोरून वाहत जाणाऱ्या अन्नामागे जायची ताकदही गमावून बसतं.

अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे जास्त अन्न टाकणं आणि दर दिवशी नवी डबी उघडणं. पिल्लाची भूक मेलेली असते असं सहसा नसतं. त्याला श्वास घेणं जड जात असतं, नाहीतर ते घाबरलेलं असतं, नाहीतर आपण टाकलेली वस्तू खायची असते हेच त्याला कळलेलं नसतं. आणि पुष्कळदा घासच तोंडापेक्षा मोठा असतो. याच क्रमानं तपासत गेलं की कारण लवकर हाती लागतं.

पिल्लू आलंय कुठून?

पहिला प्रश्न हाच, कारण पुढची सगळी पद्धत यावर ठरते. टँकमध्ये जन्मलेलं पिल्लू आधी रोटिफर (पाण्यातले अतिसूक्ष्म जीव), मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या झिंग्याची पिल्लं आणि मग बारीक दाणे (तयार कोरडं अन्न) या क्रमानं वाढलेलं असतं. वरून पडणारी गोष्ट म्हणजे खाऊ, हे त्याला ठाऊक असतं. त्याची अडचण वेगळीच असते: ते उघड्या टँकमध्ये, शेकडो भावंडांच्या गर्दीत वाढलेलं असतं. एक जण झेपावला की बाकीचे झेपावतात, अशी सवय. तेच पिल्लू दोनशे लिटरच्या, दगड आणि जोरदार प्रवाह असलेल्या टँकमध्ये एकटं सोडलं की कोपऱ्यात पृष्ठभागाशी चिकटून राहतं. त्याला आधी दाणेच द्या, आणि तेही ते खात होतं त्याच जातीचे.

समुद्रातून पकडलेल्या माशानं दाणा कधी पाहिलेलाच नसतो. ॲनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याच्या आसपास राहून प्रवाहात तरंगत येणारे कोपेपॉडसारखे सूक्ष्म जीव टिपायचे, एवढंच त्याला माहीत. त्याला हलणारं, जिवंत अन्नच सुरुवातीला दाखवावं लागतं.

म्हणून विकत घेतानाच चार गोष्टी विचारून ठेवा: जन्म टँकमधला की समुद्रातला, सध्या कोणतं अन्न खातो, दाण्याचा आकार किती, आणि पाण्याची क्षारता किती. विकणाऱ्याला तुमच्या डोळ्यांदेखत खायला घालायला सांगा. जो मासा तिथे खात नाही, तो घरी आणून खाईल अशी आशा ठेवू नका. जमलं तर त्याच डबीतले चमचाभर दाणे मागून आणा. पहिल्या आठवड्यात याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

पाण्यात सोडताना

टँकचं तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (क्षारता ज्या आकड्यात मोजतात तो) १.०२५ च्या आसपास, पीएच ८.० ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. यातला अमोनिया सर्वांत महत्त्वाचा. कल्ले भाजले की माशाला श्वासाशिवाय दुसरं काही सुचत नाही. फिल्टर अजून नीट मुरलेला नसेल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात रुजलेले नसतील, तर मासा आणूच नका; न खाणाऱ्या पिल्लांच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ टँक नवा असण्यात असतं.

बंद पिशवी १५ ते २० मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल. मग पिशवी उघडून लगेच क्षारता मोजा. फरक ०.००२ पर्यंत असेल तर पिशवीतलं पाणी टँकमध्ये न ओतता मासा एका भांड्यानं अलगद उचलून सोडून द्या. कित्येक विक्रेते मासे १.०१८ ते १.०२० अशा पातळ पाण्यात ठेवतात. तशा पाण्यातून आलेलं पिल्लू थेट १.०२५ मध्ये टाकलं तर ते दिवसेंदिवस मलूल राहतं. माशाला कमी क्षारतेत जाणं सोपं, जास्त क्षारतेत जाणं अवघड. क्वारंटाइन टँकचं (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या छोट्या टँकचं) पाणी पिशवीच्या पाण्याइतकंच करून घ्या आणि रोज ०.००१ ते ०.००२ नं वाढवत न्या.

थेंब-थेंब पाणी मिसळत तासभर बसायची पद्धत थोड्या अंतरावरून आणलेल्या माशाला चालते. पण मासा बारा-चोवीस तास पिशवीत राहिलेला असेल तर ती घातक ठरते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात बदलतो. म्हणून दूरवरून आलेल्या पिशवीसाठी पाणी आधीच जुळवून ठेवायचं आणि उघडल्यावर वेळ घालवायचा नाही.

पहिली संध्याकाळ

दिवे बंद किंवा अगदी मंद. पहिले पाच-सहा तास काही टाकू नका. खोलीतली ये-जा कमी ठेवा, काचेवर टिचक्या मारू देऊ नका. टँकची मागची आणि बाजूची काच गडद कागदानं झाकली तर पिल्लू लवकर स्थिरावतं. आरशासारख्या चमकणाऱ्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसून ते तिथेच वर-खाली करत राहतं.

याच वेळी कल्ल्यांची उघडझाप मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी, शांत वेळी, तो कमी व्हायला हवा. वाढला असेल, तोंड सतत उघडं असेल, मासा प्रवाहाच्या तोंडाशी किंवा पृष्ठभागाशी हवा ओढत असेल, तर अन्नाचा विषय बाजूला ठेवा आणि अमोनिया तपासा, एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) टाका, आजाराची लक्षणं बघा.

काही गोष्टींना मात्र उगाच घाबरू नका. रात्री तिरकं होऊन, कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ झोपणं, जागच्या जागी वळवळत तरंगणं, हीटर किंवा पंपाला घर मानणं हा क्लाऊनफिशचा स्वभाव आहे. ॲनिमोनी नसल्यामुळे ते खात नाही, हीही एक आवडती समजूत. टँकमध्ये जन्मलेल्या पिल्लानं ॲनिमोनी पाहिलेलीही नसते. उलट एवढ्या लहान, अशक्त पिल्लाला मोठी कार्पेट ॲनिमोनी गिळूनही टाकू शकते.

आर्टेमिया: तोंड उघडायला लावणारा पहिला घास

जिवंत आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं साधारण अर्धा मिलिमीटर लांब, नारिंगी, आणि झटके देत पोहणारी असतात. ती हालचालच काम करते. दाणा आणि फ्रोजन (गोठवलेलं अन्न) दोन्हींकडे पाठ फिरवणारं पिल्लू यावर झेपावतं. घरी काढायला सोपी आहेत, फक्त आदल्या दिवशी आठवण ठेवावी लागते.

१. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीचा तळ कापा, बूच घट्ट बसवा आणि बाटली उलटी टांगा. बुचाकडचा निमुळता भाग खाली आला पाहिजे.

२. एक लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवा. टँकमधलं पाणीही चालतं, थोडं गोडं पाणी मिसळून पातळ केलं की झालं.

३. पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवा. २० अंशांच्या आसपास अंडी फुटतात, पण दीडपट-दुप्पट वेळ लागतो आणि एकसारखी फुटत नाहीत.

४. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडा. बुडबुडे मोठे आणि जोरात हवेत, अंडी कुठेच साचता कामा नयेत. एअर स्टोन लावू नका. बारीक बुडबुड्यांचा फेस होऊन अंडी काठाला चिकटतात.

५. एक-दोन माशांसाठी चहाचा पाव चमचा अंडी भरपूर होतात. वरून दिवा लावून ठेवा, पहिले काही तास तरी उजेड लागतोच.

६. १८ ते २४ तासांनी पाणी नारिंगी दिसू लागतं. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात, पिल्लं मधल्या-खालच्या थरात. बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरला की ती उजेडाकडे गोळा होतात. तळाचं पहिलं थोडं पाणी टाकून द्या, मग बारीक नळीनं नारिंगी थर ओढा.

७. १२० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून स्वच्छ पाण्यानं धुवा. ते मूळ पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. त्यात जिवाणू आणि टरफलं असतात, आणि टरफलं लहान माशाच्या आतड्यात अडकू शकतात.

फुटल्यावर पहिल्या बारा तासांतच ती सर्वांत पौष्टिक असतात, कारण पोटातला बलक शिल्लक असतो. नंतर तो संपतो आणि उरतं ते जवळपास टरफल. उरलेली पिल्लं थोड्या खाऱ्या पाण्यात पातळ थरानं फ्रिजमध्ये ठेवली तर दिवसभर टिकतात. एवढी उठाठेव नको असेल तर टरफल काढलेली अंडी मिळतात, पण ती हलत नाहीत, म्हणजे नेमका मुख्य गुण गेला.

घास सोडायचा कसा

इथे बारकाव्यांना महत्त्व आहे. रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत आणणारा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दहा-पंधरा मिनिटं बंद करा, नाहीतर अर्धं अन्न ओव्हरफ्लोमध्ये, म्हणजे पाणी फिल्टरकडे जायच्या वाटेत, जाईल. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) पूर्ण बंद करू नका. पाणी अगदीच स्तब्ध झालं की अन्न सरळ तळाला जातं, आणि क्लाऊनफिशला तळाचं वेचायची सवय नसते. मंद प्रवाह ठेवा.

लांब पिपेट किंवा सुई काढलेल्या सिरिंजला एअरलाईनची नळी जोडा. टोक माशाच्या तोंडासमोर पाच-सहा सेंटिमीटरवर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरा. एक-दोन मिनिटं काहीच न सोडता तसंच राहू द्या, म्हणजे नळीची भीती जाते. मग अर्धा मिली सोडा आणि थांबा. डोक्यावर फवारा मारला की मासा दचकून मागे जातो आणि नळी दिसली की पळायचं, हे शिकतो. मागे लागून भरवायला जाऊ नका. दूर होऊन बघा. कित्येकदा माणूस काचेपासून हटल्यावरच ते पहिला घास घेतं.

दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच. आर्टेमिया खाऱ्या पाण्यात जिवंत राहतो, त्यामुळे तो थोडा उरला तर लगेच घाण होत नाही. फ्रोजन आणि दाण्यांचं मात्र उलटं: दहा मिनिटांनी जे उरेल ते नळीनं ओढून काढा. मासा खात नाही म्हणून अन्न वाढवायचं, उरलेलं कुजून अमोनिया वाढायचा आणि मग मासा आणखीच खात नाही, हे चक्र लहान क्वारंटाइन टँकमध्ये एका दिवसात फिरतं. ४० लिटरच्या टँकमध्ये रोज अमोनिया तपासा. जरा जरी दिसला तर त्याच क्षारतेच्या आणि तापमानाच्या पाण्यानं २० ते २५ टक्के पाणी बदला.

फ्रोजन आणि दाण्यांकडे वळवणं

नुसत्या आर्टेमियावर पिल्लू वाढत नाही. दोन-तीन दिवस ते बिनधास्त खाऊ लागलं की पुढचं पाऊल टाका.

फ्रोजनमध्ये सायक्लॉप्स, कॅलानस (दोन्ही कोपेपॉडच) किंवा माशांची बारीक अंडी सोयीची. मायसिस (झिंग्यासारखा छोटा जीव) पौष्टिक, पण अख्खा मायसिस अडीच सेंटिमीटरच्या पिल्लासाठी फार मोठा. तो ब्लेडनं बारीक चिरा. आकाराचा ठोकताळा सोपा: घास माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा नको, निम्मा असेल तर उत्तम. मोठा ब्राइन श्रिंप (पूर्ण वाढलेला आर्टेमिया) त्याला आवडतो पण त्यात सत्त्व कमी. तो फक्त भुरळ घालायला वापरा. फ्रोजन अन्नाच्या वडीचा नखाएवढा तुकडा टँकच्या पाण्यात विरघळवून, जाळीवर गाळून, खालचं पाणी फेकून द्या.

दाणा अर्ध्या मिलिमीटरचा, हळूहळू बुडणारा घ्या. आधी पाच मिनिटं टँकच्या किंवा फ्रोजनच्या गाळलेल्या पाण्यात भिजवा. मऊ होतो, वास चढतो, आणि पोटात जाऊन फुगत नाही.

आता खरी युक्ती. नवीन अन्न नेहमी जेवणाच्या सुरुवातीला द्या, शेवटी नव्हे. पोट भरलेला मासा अनोळखी कणाकडे ढुंकूनही बघत नाही. भिजवलेले चार-पाच दाणे पिपेटनं सोडा, मिनिटभर बघा, आणि मग ओळखीचा आर्टेमिया. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकत्र मिसळून सोडा. आर्टेमियाच्या घोळक्यात झेपावताना एखादा दाणा तोंडात जातोच. मग आर्टेमिया दर दोन दिवसांनी कमी करत न्या. टँकमध्ये जन्मलेलं पिल्लू चार-पाच दिवसांत वळतं, समुद्रातल्याला दोन-तीन आठवडेही लागतात. घाई करून जिवंत अन्न एकदम तोडू नका.

लसणाचा रस, जीवनसत्त्वांचे थेंब वगैरेंबद्दल: वासामुळे काही मासे लवकर तोंड लावतात, त्यामुळे एक-दोन थेंब लावायला हरकत नाही. लसणानं परजीवी मरतात या भरवशावर औषध लांबवणं मात्र महागात पडतं.

तोंडात घेतं आणि थुंकतं

हे चांगलं लक्षण आहे. भूक आहे, भीती गेली आहे. दाणा कडक किंवा मोठा आहे एवढाच अर्थ. आणखी भिजवा, बोटांत चुरा. सगळंच, अगदी आर्टेमियासुद्धा, थुंकत असेल तर टॉर्चनं तोंड बघा: जाळीत अडकून ओठ फाटलेला असतो, किंवा घशाशी सूज असते. साधी जखम स्वच्छ पाण्यात आपोआप भरते, तोवर फक्त सर्वांत बारीक अन्न द्या.

दुसरा कोणी आड येतोय

डॅमसेल मासा किंवा धिटाईनं खाणारा रास (wrasse) जातीचा मासा असलेल्या टँकमध्ये नवं पिल्लू सोडलं तर ते दगडामागून बाहेर येत नाही. अन्न बदलून इथे काही साधत नाही. भोकं असलेला पारदर्शक ॲक्लिमेशन डबा टँकच्या आत काचेला लावा आणि पिल्लाला त्यात ठेवा. पाणी तेच, त्रास नाही, आणि अन्न डब्याबाहेर जात नाही. बाहेरचे मासे खाताना दिसले तर पिल्लालाही धीर येतो.

दोन क्लाऊनफिश एकत्र असतील तर वेगळा हिशेब. सगळे नर म्हणूनच वाढतात. जो वरचढ ठरतो त्याची पुढे मादी होते, आणि तो दुसऱ्याला दाबून ठेवतो. खालचा मासा अंग थरथरवत शरण येतो, ते ठीक. पण त्याला अन्नापर्यंत येऊच दिलं जात नसेल, पर फाटलेले असतील, तर टँकच्या दोन टोकांना एकाच वेळी अन्न सोडा. तेवढ्यानं भागलं नाही तर वरचढाला आठवडाभर डब्यात ठेवा. कमजोराला नव्हे. बाहेर मोकळं फिरणारा मासा टँकवर हक्क सांगतो, म्हणून मोकळीक कमजोराला द्यायची.

आजाराची शंका कधी घ्यायची

श्वास जोरात, अंगावर पांढरट बुळबुळीत थर, कातडी सुटल्यासारखी दिसते: हा ब्रुकलिनेला. समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनफिशमध्ये इतका नेहमीचा की त्याला क्लाऊनफिशचाच आजार म्हणतात, आणि तो एक-दोन दिवसांत मासा नेतो. यावर फॉर्मलिनची आंघोळ हा रुळलेला उपाय. वेगळ्या भांड्यात, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत, हातमोजे घालून, आणि जोरदार हवा सोडून, कारण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं. अंगावर सोनेरी-करड्या भुकटीसारखे अतिबारीक ठिपके, उजेड टाळणं, पंपाच्या प्रवाहात तोंड घालून राहणं हे व्हेल्व्हेट. त्यावर क्वारंटाइन टँकमध्ये तांब्याचं औषध, टेस्ट किटनं रोज मोजून. मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नाही. कोरल आणि झिंगे मरतात.

लक्षण दिसत नसताना केवळ खबरदारी म्हणून पहिल्याच दिवशी तांबं सुरू करू नका. तांब्यानं भूक मंदावते, आणि आधीच न खाणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत दोष औषधाचा की आजाराचा, हेच कळेनासं होतं. आधी खायला लावा, मग औषध. अपवाद वर सांगितलेल्या दोन आजारांचा. तिथे थांबायला वेळ नसतो.

पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा उपाशी माशाचीही असते. पण मासा दोन आठवडे नीट खातोय, तरी बारीक होतोय आणि विष्ठा तशीच, तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यावी. मेट्रोनिडाझोल अन्नातून दिलं जातं, म्हणूनही आधी खाणं महत्त्वाचं.

तिसरा दिवस उलटला तर

श्वास ठीक, आजार नाही, तरी काहीच खात नाही. मोठ्या टँकमधून पिल्लाला डब्यात किंवा २० ते ४० लिटरच्या, मुरलेल्या स्पंज फिल्टरच्या टँकमध्ये आणा. आडोशाला पीव्हीसी पाइपचा एकच तुकडा, दिवे मंद. पाण्यात जिवंत आर्टेमिया किंवा कोपेपॉड विरळ सोडून ठेवा, दिवसभर समोरून काहीतरी हलत जात राहील असे. जबरदस्तीनं तोंडात अन्न घालायचा विचारही करू नका. एवढ्या लहान माशाचे कल्ले त्यात फाटतात. शक्य असेल तर त्याच आकाराचं, नीट खाणारं दुसरं पिल्लू शेजारी ठेवा. एकट्यानं उपाशी राहिलेली टँकमधली पिल्लं सोबत मिळाल्यावर त्याच दिवशी खातात, असं वारंवार दिसतं.

खाणं सुरू झालं की दिवसातून तीन ते चार लहान जेवणं दोन महिने तरी चालू ठेवा. प्रगती समोरून बघून ठरवा: पोट किंचित गोल आणि डोळ्यांमागचा भाग भरलेला हवा. डब्यातून मोकळं सोडायची वेळ मात्र पोटावरून ठरवू नका. सलग तीन दिवस, सगळे पंप नेहमीच्या जोरात सुरू असताना, ते वाहत्या पाण्यातून दाणा स्वतः टिपत असेल, तेव्हा झाकण काढा. आणि सोडायचं ते दिवे मालवल्यावर, बाकीच्यांची पोटं भरलेली असताना.